आईचा दर्जा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१२ सप्टेंबर २०२३

प्रिय वसुधामावशी,

शब्द दिला होता म्हणून हातानं लिहितेय. दहावीनंतर एवढं मराठी मी कागदावर उतरवलेलं नाही, तेव्हा चुकांवर लाल खुणा करून पत्र परत पाठवू नकोस. ऑगस्टमध्ये तुझ्याकडे राहिले तेव्हा कळलं की फोनवर तुला अर्ध्याहून कमी ऐकू येतं. आईला नागपुरात बसून वाटतं की तिची मावसबहीण मुद्दाम फोन उचलत नाही. तिलाही सांगितलंय, मावशीला आता पत्रच लिहायचं.

तू जेवताना विचारलं होतंस, "तू नक्की कशात पीएचडी करतेस?" आणि मी "कोरियाचा इतिहास" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगते. माझा विषय आहे कोरियाच्या राजांच्या दुसऱ्या बायका. पट्टराणी नव्हेत, त्या खालच्या. मराठीत काय म्हणू यांना? रखेल म्हटलं की शिवी वाटते, उपपत्नी म्हटलं की कोर्टातला कागद. घरी सांगितलं तर लोक हसतात, म्हणून सांगत नाही.

मावशी, यातल्या कितीतरी जणी सहा-सात वर्षांच्या असताना राजवाड्यात कामाला येत. राजाची नजर गेली तर दर्जा मिळे. असे दर्जे आठ, पायऱ्यांसारखे. पण राजाच्या मुलांचा दर्जा या आठही पायऱ्यांच्या वर. म्हणजे पोटचा मुलगा आईपेक्षा मोठा. आणि त्यानं आई म्हणायचं कुणाला, तर पट्टराणीला!

मी पहिलं प्रकरण लिहिलं, "कैदेतल्या बायका". प्रोफेसरबाईंनी परत दिलं. म्हणाल्या, "यात दया भरपूर आहे, माणसं कुठे आहेत?" मला जाम राग आला. तीन वर्षं झाली यार, आणि पहिलंच प्रकरण नापास. सोडून द्यावं आणि कॅरीला अहिल्यामावशीकडे जाऊन सगळ्यांसारखी नोकरी धरावी असं वाटायला लागलंय. तू काय म्हणतेस?

तुझी हिमानी


अल्फारेटा, जॉर्जिया
१ ऑक्टोबर २०२३

प्रिय हिमानी,

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका आहेत. एकीलाही खूण केलेली नाही, माझा संयम बघ.

आता ऐक. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने बघितले. आमच्याकडे नियम होता, आधी काय दिसतंय ते लिहायचं, निदान मागून. तू निदान आधी लिहून टाकलंस. कैद. बरं, असेल कैद. पण त्या दिवसभर करत काय होत्या? लिहायला-वाचायला येत होतं का? दुपारी कुणाशी बोलत? मूल झालं की अंगावर पाजायला मिळत होतं का? किती दिवस? मुलगा समोरून आला तर त्याला काय म्हणून हाक मारायच्या? आणि तो हाक मारायचा ती कुठल्या शब्दानं? हे तुझ्या पत्रात नाही, म्हणजे बहुतेक प्रकरणातही नसेल. तुझ्या प्रोफेसरबाई मला आवडल्या.

दया करणं सोपं असतं गं. दया केली की पुढचं विचारावं लागत नाही.

नोकरी वगैरे डोक्यातून काढ. माझ्या या प्रश्नांची उत्तरं शोधून पाठव. मला खरंच हवी आहेत.

इकडे सगळं ठीक. आपल्या शंतनूला बढती मिळाल्याचं अहिल्यानं कळवलं. जन्मला तेव्हा सात पौंड चौदा औंस होता आणि नर्स म्हणाली होती, हा कुणाचं ऐकणार नाही. आता शार्लटच्या ऑफिसात दोनशे माणसं त्याचं ऐकतात. माझ्या बहिणीला मुलगा छान वाढवता आला, हे तू थँक्सगिव्हिंगला कॅरीला गेलीस की तिला माझ्याकडून सांग. मी सांगितलं तर ती उडवून लावते.

वसुधामावशी


स्टेट कॉलेज
८ नोव्हेंबर २०२३

प्रिय मावशी,

तुझे प्रश्न मी टेबलासमोर चिकटवले आणि महिनाभर लायब्ररीत राहिले. खायला फक्त मॅगी आणि केळी. आता उत्तरं.

अंगावर पाजायला दाई असे. आई मुलाला भेटू शके, पण त्याच्याशी बोलताना अदबीनं. आणि लिहायला-वाचायला? मावशी, त्यातली एक सापडली आहे, सोंग आडनावाची. दहाएक वर्षांची असताना वाड्यात आली. राजकन्यांबरोबर बसून तिनं दहा खंडांची एक कादंबरी नकलून काढली, आणि ते कागद आजही आहेत! मी त्यांचे फोटो बघितले. अक्षर इतकं सरळ आणि निवांत की मी तासभर बघतच बसले. कैदेतल्या बाईचं अक्षर असं असतं का?

आता मुख्य गोष्ट. राजा तेव्हा युवराज होता. त्यानं तिला मागणी घातली. ती रडली आणि नाही म्हणाली. कारण काय दिलं, तर युवराजाच्या बायकोला अजून मूल झालेलं नाही, तिच्याआधी मी हे करणार नाही. राजवाड्यातली एक नोकर मुलगी, आणि तिनं असं सांगितलं! पंधरा वर्षांनी, राजा झाल्यावर, त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. शेवटी त्यानं तिच्या दासींना शिक्षा केली तेव्हा कुठे तयार झाली. तिच्या मृत्यूनंतर राजानं स्वतः हे लिहून ठेवलंय. मी तिच्यावर दया करायला निघाले होते, मावशी. आता तिच्यासमोर उभं राहायची माझी छाती होत नाही.

आणखी एक. दुसऱ्या एका राजाची आई अशीच खालच्या दर्जाची होती. मुलगा गादीवर बसायच्या आधीच ती गेली. राजा झाल्यावर त्यानं तिच्यासाठी देवस्थान बांधलं आणि पुन्हा पुन्हा तिथे जात राहिला. राजांना जन्म देणाऱ्या सात जणींची स्थानं आज सोलमध्ये एकाच आवारात आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मी जाणार.

कॅरीला बावीस तारखेला जातेय. अहिल्यामावशीला तुझा निरोप सांगते. आणि तुला दादाचं वजन औंसासकट आठवतं! लॅबवाल्यांची डोकी म्हणजे कमालच.

तुझी हिमानी


अल्फारेटा
२० नोव्हेंबर २०२३

हिमानी,

घाईत लिहितेय. आठवडाभर प्रवासात होते, तुझं पत्र आज हातात पडलं. सोंगबाईंबद्दल सवडीनं लिहीन.

कॅरीला माझा निरोप वगैरे सांगू नकोस. वजनाबिजनाचं तर अजिबात बोलू नकोस. अहिल्याला तसल्या जुन्या गोष्टी आवडत नाहीत. एवढं लक्षात ठेव.

वसुधामावशी


स्टेट कॉलेज
२८ नोव्हेंबर २०२३

प्रिय मावशी,

तुझी चिठ्ठी मला काल परत आल्यावर मेलबॉक्समध्ये मिळाली. मी बावीसलाच निघाले होते. मावशी, माझ्याकडून काहीतरी झालंय आणि काय झालंय ते मला कळत नाहीये.

जेवायला माझ्यासकट आम्ही सात जण होतो. अहिल्यामावशी, शंतनूदादा, वहिनी, त्यांची इला आणि शेजारचे दिगंबरकाका-काकू. दिगंबरकाकांनी माझा विषय विचारला आणि मी सुटलेच. सोंग, ती कादंबरी, आईसाठी देवस्थान बांधणारा राजा, सगळं. अहिल्यामावशी फार लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "ती गेल्यावर बांधलं का त्यानं?" मी हो म्हटलं.

मग इलानं विचारलं, "आजी, हाउ बिग वॉज डॅड?" मावशी म्हणाली, "होता छान गुटगुटीत." मी म्हटलं, "सात पौंड चौदा औंस! वसुधामावशीनं लिहिलंय. नर्स काय म्हणाली तेसुद्धा तिच्या लक्षात आहे." दादा हसला आणि म्हणाला, "आई, तू तर म्हणायचीस तुला आठवत नाही." अहिल्यामावशीनं हातातला डाव ठेवला, "डोकं दुखतंय" म्हणाली आणि वर निघून गेली. परतीच्या दिवशी मला सोडायला आली. उतरताना फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मी काय केलं?

हिमानी


अल्फारेटा
१० डिसेंबर २०२३

प्रिय हिमानी,

तू काही केलं नाहीस. पेन माझ्या हातात होतं. त्रेचाळीस वर्षं जीभ आवरली आणि कागदावर घसरले.

शंतनू माझा मुलगा आहे.

आता पुढचं नीट वाच, आणि मला कैदेत बसवू नकोस. मी सव्विसाव्या वर्षी पिट्सबर्गला शिकायला आले. अहिल्या आणि रवींद्रभावजी तिथेच होते. सुमंत नावाचा एक मुलगा माझ्याबरोबर शिकत होता. आमचं लग्न ठरल्यातच जमा होतं. वडील आजारी म्हणून तो पुण्याला गेला आणि तिथे लग्न करून बसला. मी त्याला पत्र लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र मी लिहिलं नाही.

अहिल्या डॉक्टर, दुसऱ्यांची बाळंतपणं करायची, आणि तिची स्वतःची तीन पोटात असतानाच गेली होती. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. सुचवलं मी. ती म्हणाली, "नंतर मागशील तर मी देऊ शकणार नाही, वसू. आत्ताच विचार कर." मी पाच महिने विचार केला. मग कोर्टातून रीतसर दत्तक दिला. त्याच वर्षी भावजींना नॉर्थ कॅरोलायनात नोकरी मिळाली आणि नव्या गावात कुणी काही विचारलं नाही.

चार दिवस तो माझ्याजवळ होता. पाचव्या दिवशी मी त्याला अहिल्याच्या मांडीवर ठेवलं. तिनं विचारलं, "मान कशी धरू?" इतक्या बाळंतिणींची मुलं हातात घेतलेली बाई, आणि हे मला विचारत होती. तेव्हा मला कळलं की तो योग्य ठिकाणी चाललाय.

पुढे मी परीक्षा दिली, नोकरी धरली, अल्फारेटाला घर केलं. सहा-सात तासांचं अंतर मी विचार करून निवडलं. जवळ असते तर रोज गेले असते, फार लांब असते तर कधीच गेले नसते. तो दर उन्हाळ्यात माझ्याकडे येई. पोहायला इथे शिकला, गाडी माझ्या गाडीवर शिकला आणि ती ठोकलीसुद्धा. लॅब मी तीस माणसांची केली. माझ्या आयुष्यात रिकामं फार थोडं होतं.

आणि हो, मलाही दोनदा विचारलं होतं. तो पाच वर्षांचा झाला तेव्हा अहिल्या म्हणाली, "त्याला सांगू या." मी नाही म्हटलं. त्याच्या लग्नात पुन्हा म्हणाली, "आज तरी." मी पुन्हा नाही म्हटलं. तिच्यापासून कणभरही काढून घ्यायचं नव्हतं मला. म्हणून तुझी सोंगबाई वाचताना मी पत्र खाली ठेवून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

भावजी गेले, त्यामुळे आता हे दोघींनाच ठाऊक होतं. तू तिसरी. तुझ्यापाशीच ठेव.

मावशी


स्टेट कॉलेज
१८ डिसेंबर २०२३

प्रिय मावशी,

आधी जे केलं ते लिहिते. तुझं पत्र कुलुपात ठेवलं. मग जुनं प्रकरण पूर्ण काढून टाकलं आणि पहिल्या ओळीपासून नव्यानं बसले. त्या काय लिहीत, काय शिवत, कुणाला शिकवत, कशाला नाही म्हणत, फक्त एवढंच. नाव ठेवलंय "कामाचा दिवस". प्रोफेसरबाईंनी काल वाचलं आणि म्हणाल्या, "आता मला या बायका भेटल्या." मी त्यांना सांगू शकले नाही की मला त्या कुणामुळे भेटल्या.

मी कुणाशी बोलणार नाही. पण एक विचारू? तू नाही म्हणालीस ते अहिल्यामावशीसाठी. तिनं दोनदा विचारलं ते कुणासाठी? याचा विचार केला आहेस का कधी?

रागावली असशील तर दुप्पट लाल खुणा कर.

हिमानी


कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
२९ डिसेंबर २०२३

वसू,

फोनवर तुला ऐकू येणार नाही आणि मला ओरडून सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

मी शंतनूला सांगितलं. तुला न विचारता. दोनदा विचारून बघितलं होतं, दोन्ही वेळा तू नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा विचारायचं नाही असं मी त्या जेवणाच्या टेबलावरच ठरवलं. ती हिमानी त्या राजाचं सांगत होती, आई मेल्यावर देवस्थान बांधलं आणि जात राहिला, जात राहिला. मी ऐंशीची, तू बहात्तरची. माझ्या मुलाला तसलं काही बांधत बसायला लागू नये.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्याला मागच्या अंगणात नेलं आणि सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "हू ऑल न्यू?" मी म्हटलं, आम्ही तिघं. तो आत गेला, बॅगा भरल्या आणि बायको-मुलीला घेऊन शार्लटला निघून गेला. तीन दिवस झाले. फोन उचलत नाही.

मला भीती वाटते आहे, वसू. माझा मुलगा जाईल याची भीती. त्रेचाळीस वर्षांत एक दिवससुद्धा तू मला ही भीती वाटू दिली नाहीस. शेजारी बसून, त्याच्याकडे बघून, हसून परत जायचीस. ते किती मोठं होतं हे मला या तीन दिवसांत कळलं.

रागव माझ्यावर. पण पत्र लिही.

अहिल्या


अल्फारेटा
११ मार्च २०२४

प्रिय हिमानी,

इतके दिवस गप्प राहिले, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. दहा आठवडे शंतनू आम्हा दोघींशी बोलला नाही. मी अहिल्याला दर रविवारी लिहीत होते आणि ती मला. लग्न होऊन ती सासरी गेली तेव्हापासून आम्ही एवढं बोललो नव्हतो. तुझा तो प्रश्न मी तिला जसाच्या तसा लिहून विचारला. तिचं उत्तर एका ओळीचं होतं, "तुझ्यासाठी, वेडे."

परवा शनिवारी सकाळी दार उघडलं तर समोर शंतनू. मागे गाडीत अहिल्या, पट्टा लावून तशीच बसलेली. तो म्हणाला, "ती म्हणते तू सांगितल्याशिवाय उतरणार नाही." मी जाऊन तिला हाताला धरून आणलं.

बसायला सांगितलं तरी तो उभाच राहिला. मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं आणि सावकाश बोलत होता, त्यामुळे राग आणखीनच स्पष्ट ऐकू येत होता. "यू टू डिसाइड केलंत. बाबांनी डिसाइड केलं. मला कुणी विचारलं नाही. मी चाळीसचा झालो तरी नाही." अहिल्या काही सांगायला लागली, मी तिला थांबवलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. तुला विचारायला हवं होतं. अहिल्या सांगू या म्हणत होती, मी अडवलं. चूक माझी आहे." त्याला वाटलं होतं मी कारणं देईन. कारणं होती गं माझ्याकडे, पण ती माझ्या उपयोगाची होती, त्याच्या नाही.

मग तो बसला. म्हणाला, "डिड यू होल्ड मी?" मी म्हटलं, चार दिवस. म्हणाला, "सांग." मी ते चार दिवस सांगितले. खिडकीबाहेर बर्फ होतं, शेजारच्या खाटेवरची पोलिश बाई दोन बाळांना आळीपाळीनं गाणी म्हणायची, सगळं. सुमंतचंही सांगितलं, नावासकट. अहिल्या पाचव्या दिवसापासून पुढे सांगायला लागली, तो घरी आल्यावर पहिल्या रात्री ती आणि भावजी कसे पाळीपाळीनं नुसते बघत बसले होते ते. मध्येच ती म्हणाली, "वसू, हे मी तुला कधी सांगितलंच नाही." खरंच, मलाही ते नवीन होतं. शंतनू एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. दीड वाजला तेव्हा म्हणाला, "मला भूक लागलीये."

घरात पोळ्यांपुरती कणीकही मळलेली नव्हती. माझ्या घराजवळ एक कोरियन खानावळ आहे, तिथे गेलो. मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील, वाट्या स्वतः आणून मांडतात. त्यांनी शंतनूकडे बघून मला विचारलं, "युअर सन?"

हिमानी, हा प्रश्न मला त्रेचाळीस वर्षांत बसमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे कितीदा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी मी "नेफ्यू" म्हणाले. तोंड सवयीनं उघडलंसुद्धा. पण शंतनू आधी बोलला. त्यानं आम्हा दोघींकडे हात केला आणि म्हणाला, "येस. बोथ माय मदर्स."

मालकीणबाईंना त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. गरम सूपचं भांडं हातात धरून त्या फक्त थांबल्या आणि विचारलं, आधी कुणाला वाढायचं म्हणून, "मोठी कोण?"

"ही," मी अहिल्याकडे बघून म्हणाले.

"ही," त्याच वेळी अहिल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

बाईंनी भांडं मधोमध ठेवलं आणि निघून गेल्या. शंतनूनं डाव उचलला आणि आम्हाला वाढायला लागला.

मावशी